परदेशात राहून रिमोट काम : देश शेवटी निवडा, आधी दिवस मोजा

अंबाझरीकाठ

ओळखीतले बरेच जण सध्या एकच प्रश्न विचारतात. "तू बाहेर राहून काम करतेस ना, आम्हालाही जायचंय, कोणता देश चांगला?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. नागपूरकर डोळ्यांसमोर आहेत, पण बाकीच्यांनाही उपयोग होईल.

माझं काम कंत्राटावरचं, एका युरोपियन कंपनीसाठी. आधी क्वालालंपूरला राहिले, आता लिस्बनमध्ये आहे. माझं ठाम मत असं की देश हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की या आर्थिक वर्षात तुम्ही आयकराच्या हिशेबाने भारताचे रहिवासी ठरणार की अनिवासी. ते ठरलं की खाती, विमा, घरभाडं, विवरणपत्र हे सगळं त्यामागून येतं.

आपल्याकडे हमखास काय होतं सांगते. जायचं पक्कं झालं की घरचे म्हणतात, "आता दिवाळी करूनच जा." प्रेमानेच म्हणतात. पण आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि त्यातला १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. १ एप्रिलपासून तुम्ही नागपुरातच असाल आणि २९ सप्टेंबरलाही इथेच असाल, तर त्या वर्षापुरते तुम्ही भारताचे रहिवासी. मग मार्चपर्यंत बाहेर कमावलेलंही इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. दुसऱ्या देशात कर भरला असेल तर दोन देशांमधल्या कर-करारानुसार त्याची वजावट मिळते, त्यामुळे आभाळ कोसळत नाही. पण हे माहीत असून दिवाळीला थांबणं वेगळं आणि पुढच्या जुलैत सीएने सांगितल्यावर कळणं वेगळं. शक्य असेल तर पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक करून निघा. पिवळी-काळी मारबत बघायला मिळते आणि सप्टेंबरही हातात राहतो.

दुसरी गोष्ट कंपनीची लेखी परवानगी. "मॅनेजर हो म्हणाला" एवढं पुरत नाही. तुम्ही एखाद्या देशात बसून बराच काळ काम केलंत तर तुमच्या कंपनीचं तिथे कायमचं आस्थापन आहे, म्हणजे कंपनीनेही तिथे कर भरावा, असं तिथलं करखातं म्हणू शकतं. मोठ्या कंपन्या याला घाबरतात आणि त्यांचं घाबरणं योग्य आहे. एचआरकडून देश, कालावधी आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. बहुतेक रिमोट व्हिसांना तसंही ते लागतंच.

मग व्हिसा. आपल्या पासपोर्टला उपयोगी असे मला माहीत असलेले काही मार्ग :

मलेशियाचा डीई रांताऊ पास २०२२ मध्ये सुरू झाला. आयटी-डिजिटल कामासाठी वर्षाला २४ हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, इतर कामांसाठी ही अट ६० हजार डॉलरची आहे. पास ३ ते १२ महिन्यांचा, पुढे आणखी १२ महिने वाढतो. जोडीदार आणि मुलं सोबत नेता येतात. अर्ज ऑनलाइन, मुंबईची वारी नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच सुचवते, कारण भारताची वेळ फक्त अडीच तास मागे असते आणि घरच्यांशी बोलायची वेळ मोडत नाही.

थायलंडचा डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, जुलै २०२४ पासून आहे. पाच वर्षांचा, प्रत्येक प्रवेशावर १८० दिवस. शिल्लक ५ लाख बाट दाखवायची. जाहिराती करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. कॅलेंडर वर्षात १८० दिवस तिथे राहिलात तर तुम्ही थायलंडचे कर-रहिवासी होता आणि २०२४ पासून बाहेरची कमाई तिथे आणली की ती करपात्र धरली जाते. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं करमुक्त मुक्काम असा अर्थ नाही.

पोर्तुगालचा डी-८ हा रिमोट कामाचा व्हिसा २०२२ च्या अखेरीस आला. उत्पन्न तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवं. स्पेनचा २०२३ पासून आहे, तिथे साधारण दुप्पट. स्पेनला पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव लागतो, कंपनीशी निदान तीन महिन्यांचं जुनं नातं लागतं आणि कंपनीही वर्षभर जुनी हवी. पोर्तुगालला व्हिसा मिळाल्यावर तिथे पोहोचून निवास परवाना घ्यावा लागतो आणि त्या कार्यालयात प्रचंड खोळंबा आहे. मनाची तयारी ठेवा.

दुबईचा रिमोट परवाना एक वर्षाचा, महिन्याला ३,५०० डॉलर उत्पन्नावर. जपानने २०२४ मध्ये असा व्हिसा काढला, पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच आहे आणि आपण त्या यादीत नाही. व्हिडिओ बघून स्वप्नं रंगवण्याआधी यादी बघा.

कामाच्या वेळेचं गणित घरी बसूनच करा. न्यूयॉर्कच्या टीमसाठी उन्हाळ्यात सकाळचे ९ म्हणजे नागपूरचे संध्याकाळचे साडेसहा, बँकॉकचे रात्रीचे ८. म्हणजे पहाटे ४ पर्यंत काम. तेच लिस्बनला दुपारी २ वाजता सुरू होतं. अमेरिकेचं काम करणाऱ्याने आग्नेय आशियात जाऊन झोप उडवून घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगते.

घराबद्दल आणि आई-बाबांबद्दल प्रतिसादांत लिहीन. विचारा.

---

संत्राबाग

वाचनखूण साठवली. अगदी वेळेवर आलेला धागा. मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे, नवरा फ्रीलान्स डिझायनर. मुलगी सात वर्षांची. एक वर्ष मलेशियाचा विचार चाललाय. मनीषनगरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा की बंद ठेवायचा, इथे गाडी अडलीय. सासूबाई म्हणतात बंद ठेवा, भाडेकरूचा ताप नको.

---

सांबारवडी

ताई, मी तं म्हणतो एवढे कागद कायले? माहा एक दोस्त व्हिएतनामच्या ई-व्हिसावर तीन महिने राहून आला. ९० दिवस मिळते. कॅफेत बसून काम केलं, कोणी विचारलं नाही. मीबी तसंच जायचं ठरवून राहिलो. बंगळूरच्या कंपनीचं काम घरूनच करतो, त्याइले काय फरक पडते मी कुठं बसलो त्यानं?

---

अंबाझरीकाठ

@सांबारवडी, भाऊ, कोणी विचारलं नाही हे खरं असेल. पण फरक तुमच्या कंपनीलाच पडतो. ऑफिसचा लॅपटॉप कोणत्या देशातून जोडला गेला हे त्यांच्या आयटीला दिसतं. ग्राहकाचा डेटा भारताबाहेर नेणार नाही असा करार असेल तर नोकरीवर येतं. आणि पर्यटक म्हणून गेलेला माणूस आजारी पडला, विमा कंपनीने "तिथे काय करत होता" विचारलं, तर काय सांगणार?

व्हिएतनामचा ९० दिवसांचा ई-व्हिसा चांगलाच आहे, ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना मिळतो. सुट्टी घेऊन जा, मनसोक्त फिरा. काम करत राहायचं असेल तर जिथे त्यासाठी परवानगी मिळते तिथे जा. दहा वर्षांपूर्वी असे व्हिसे नव्हतेच, तेव्हा लोकांकडे पर्याय नव्हता. एस्टोनियाने २०२० मध्ये सुरुवात केली, आता रस्ता खुला आहे. सरळ रस्ता असताना आडवाट धरून पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात धास्ती कशाला घ्यायची?

---

वर्धारोड

मी सीए आहे, सीताबर्डीत प्रॅक्टिस. ताईंनी १८२ दिवसांचं बरोबर लिहिलंय, पण त्यात एक मोठी मेख आहे, ती सांगतो.

कायद्यात रहिवासी ठरायच्या दोन कसोट्या आहेत. एक, वर्षात १८२ दिवस. दुसरी, वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. आपल्यासारख्या कायम नागपुरात राहिलेल्या माणसाचे ३६५ तर झालेलेच असतात. मग ६० दिवसांतच तो रहिवासी! यातून सूट कोणाला? जो भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडतो त्याला. त्याच्यासाठी ६० ऐवजी १८२ धरतात. त्यामुळे "नोकरीसाठी गेलो" हे कागदावर दिसायला हवं. पर्यटक व्हिसावर देशोदेशी फिरत काम करणाऱ्याला ही सूट मागणं जड जातं. सांबारवडी भाऊंच्या मित्राने हे लक्षात घ्यावं.

पुढच्या वर्षांत तुम्ही अनिवासी असताना घरी भेटीला आलात तर १८२ दिवसांची मुभा आहे, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० दिवसांवर येते. आणि दुबईला जाणाऱ्यांसाठी : भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आणि कुठल्याच देशात कर लागत नाही, अशा भारतीय नागरिकाला कायदा रहिवासी मानतो, मग तो एक दिवसही इथे आला नाही तरी. फ्रीलान्सरने इथे विशेष जपावं. व्यवसाय नागपुरातून उभा राहिला असेल तर बाहेरच्या ग्राहकाचे पैसेही या १५ लाखांत मोजले जाऊ शकतात.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो. कलमांचे नंबर बदलतात, दिवसांचं गणित तेच राहतं.

---

वर्धारोड

@संत्राबाग, भाड्याचं. घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो. रक्कम कितीही लहान असो. त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो, तिमाही विवरण भरावं लागतं. नागपुरात बारा-पंधरा हजारांचा भाडेकरू हे करायला तयार होत नाही आणि मग दोघंही अडचणीत येतात. तुम्ही एकच वर्ष जाणार आणि त्या वर्षी रहिवासीच राहणार असाल तर हा प्रश्न येत नाही. म्हणून आधी तारखा ठरवा, मग सासूबाईंशी बोला.

बचत खात्याचंही तसंच. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आणि आयकर यांची "अनिवासी"ची व्याख्या एक नाही. नोकरी-व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळासाठी बाहेर गेलात की फेमाखाली लगेच अनिवासी होता आणि साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं भारतातल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं. बाहेरची कमाई एनआरई खात्यात ठेवा, त्यावरचं व्याज करमुक्त असतं. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही.

---

झिरोमाइल

उत्तम माहिती. एक शंका. मी रहिवासीच राहणार, पण तिकडे पगारासाठी स्थानिक बँकेत खातं उघडलं तर?

---

वर्धारोड

विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची अनुसूची असते, त्यात ते खातं दाखवायचं. शिल्लक थोडी असली तरी दाखवायचं. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लावत नाहीत. तरीही लपवू नका, दाखवायला पाच मिनिटं लागतात.

---

धंतोली_निवृत्त

मी शिक्षण खात्यातून निवृत्त. मुलगा आणि सून कॅनडात, आम्ही दोघं धंतोलीत. आपण सगळे तरुण मंडळी कराबद्दल फार नेमकं लिहीत आहात. मला मागे राहणाऱ्यांच्या बाजूने लिहावंसं वाटलं.

मुलं निघताना आम्हाला विचारतात, "आई-बाबा, तुम्ही राहाल ना नीट?" आम्ही हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार? हा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी बसून कामं ठरवा. रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायची वेळ आली तर फोन कोणाला करायचा, दाखल करताना सही कोण करणार, कॅशलेस विम्याचं कार्ड कुठे ठेवलंय, दुसरी किल्ली कोणाकडे. धंतोली-रामदासपेठेत दवाखाने पावलोपावली आहेत, मिहानला एम्स झालं आहे, उपचारांची वाण नाही. अडतं ते सोबत माणूस नसल्यामुळे.

आमच्या मुलाने जाण्याआधी एक गोष्ट फार चांगली केली. माझ्या पुतण्याला घरी बोलावून, आमच्या समोर, त्याला सगळं दाखवलं. पुतण्याला मोकळेपणाने विचारलं की तुला जमेल का, आणि त्याच्या येण्याजाण्याचा खर्च उचलायचं ठरवलं. नात्यात पैशाचं बोलणं अवघड वाटतं, पण त्यामुळे पुतण्यावर उपकाराचं ओझं नाही आणि आम्हाला फोन करताना संकोच नाही. हे जमवल्यापासून हिला शांत झोप लागते.

निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला आता जीवन प्रमाणच्या चेहरा-ओळख ॲपवरून घरबसल्या देता येतो. ते मुलाने इथे असताना शिकवलं, फोनवरून शिकवणं कठीण गेलं असतं.

---

अंबाझरीकाठ

काका, मनापासून आभार. हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. पुतण्याशी पैशाचं उघड बोलणं हे मी कधी कुणाला सुचवलं नव्हतं, आता प्रत्येकाला सांगेन.

त्याला जोडून माझे दोन शब्द. आई-बाबांचा आरोग्य विमा तुम्ही इथे असतानाच बघा, कारण वय वाढलं की तपासण्या लागतात आणि त्यांना घेऊन जायला माणूस लागतो. एनआरओ किंवा एनआरई खात्यात जवळच्या निवासी नातेवाइकाचं नाव "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीने (खातं पहिल्याचं, त्याच्या पश्चात दुसऱ्याचं) घालता येतं, ते घाला.

आणि ओटीपी! परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाची अर्धी दगदग ओटीपीची असते. भारतातलं सिम चालू ठेवा, रोमिंग सुरू आहे याची खात्री विमानतळावर नाही, आठवडाभर आधी करा. बँक, आधार, डिमॅट, सगळीकडे एकच नंबर असू द्या. सिम ९० दिवस वापरात नसलं तर बंद होऊ शकतं, म्हणून किमान रिचार्ज विसरू नका. एनआरई-एनआरओ खात्यावर परदेशी नंबरने यूपीआय काही देशांत चालतं, दुबई, सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन त्यात आहेत.

---

सांबारवडी

काकाजी, तुमचं वाचून माय-बापाचा विचार आला. माहे आईबाबा हिंगण्याले एकटेच राहते. ताई, मी एचआरले मेल टाकला आज. पाहू काय म्हणते. मलेशियाच्या पासाले भारतीय कंपनीचा नोकरदार चालते का?

---

अंबाझरीकाठ

हो, भाऊ. कंपनी मलेशियाबाहेरची हवी आणि करार तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा हवा. आयटीत असाल तर २४ हजार डॉलरची अट तुम्हाला लागू. फक्त पगार भारतातल्या खात्यातच जमा होणार असेल तर वर्धारोड यांना विचारून जा. अनिवासी असलात तरी भारतात हातात पडलेला पगार इथे करपात्र धरण्याचा मुद्दा येतो आणि त्यावर न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत.

हिंगण्याचा विचार आधी केलात हे छान केलंत.

---

लिंबूवर्गीय

थोडं वेगळं मत. मी बार्सिलोनात दोन हिवाळे काढून नागपूरला परत आलो. बाहेर राहण्याविरुद्ध नाही, पण एकटेपणावर या धाग्यात कोणी बोललं नाही. नोकरीसाठी एखाद्या शहरात गेलेल्या माणसाला ऑफिस असतं, डबा खाणारे सहकारी असतात. रिमोटवाल्याला ते नसतं. सहकारी स्क्रीनवर आणि शेजारी दर महिन्याला बदलणारे. पहिले काही आठवडे मजा येते. मग रविवार दुपार खायला उठते.

माझा सल्ला, चार महिन्यांत चार देश करू नका. एका शहरात निदान सहा महिने राहा. स्थानिक भाषेचा वर्ग लावा, भाषा येईल तेव्हा येईल पण आठवड्यातून दोनदा तीच माणसं भेटतील. मी तिथे एका गिर्यारोहण गटात गेलो, त्यांच्यामुळे ते शहर आपलं वाटायला लागलं. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या देशांत, पर्यटक म्हणून तसंही १८० पैकी ९० दिवसच मिळतात, आणि ते सगळ्या २९ देशांचे मिळून मोजतात. सतत हलत राहणाऱ्याची सगळी शक्ती या मोजणीत जाते.

---

झिरोमाइल

लिंबूवर्गीय +१. माझ्या बहिणीचा अनुभव हाच.

---

संत्राबाग

आज घरी सगळे बसलो. तारखा काढल्या. मुलीची परीक्षा संपली की एप्रिलच्या सुरुवातीला निघायचं आणि वर्षभर राहायचं, म्हणजे ते आर्थिक वर्ष जवळजवळ पूर्ण बाहेर. फ्लॅट बंद ठेवायचा, दीर दर रविवारी उघडतील. दोन गोष्टी राहिल्या. त्यांना मुखत्यारपत्र द्यायचं तर इथे करायचं की तिथून? आणि पोलीस दाखला लागतो का?

---

वर्धारोड

इथेच करून जा. परदेशात केलं तर तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे सही, मग कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, एवढा व्याप होतो. आणि सरसकट सगळे अधिकार देऊ नका. फ्लॅटची देखभाल, सोसायटीची सभा, महापालिकेचा कर, वीजबिल, बँकेचं अमुक एक काम, असं नेमकं लिहा. विक्रीचा अधिकार नको असेल तर तसंही स्पष्ट लिहा. दिरांवर विश्वास आहेच, पण नेमका कागद असला की सोसायटी आणि बँक त्यांनाही त्रास देत नाही.

---

अंबाझरीकाठ

पोलीस दाखला लांब मुदतीच्या बऱ्याच व्हिसांना लागतो, स्पेन-पोर्तुगालला तर लागतोच. मलेशियासाठी अर्ज करताना कागदांची चालू यादी बघून घ्या. दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या साइटवरूनच करायचा. तुम्ही राहता त्या भागातल्या ठाण्यातून पडताळणी होते, म्हणून पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर मनीषनगरचा पुरावा हाताशी ठेवा. दाखला ताजा लागतो, त्यामुळे फार आधी काढू नका. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला मात्र आत्ताच बघून घ्या, नावांची स्पेलिंग तिन्ही पासपोर्टांशी तंतोतंत जुळायला हवी. जन्मदाखल्यात दुरुस्ती लागली तर महापालिकेत वेळ जातो. युरोपला जाणाऱ्यांनी यांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणन, तेही करून घ्यावं, आधी राज्य सरकारची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का.

मुलीच्या शाळेला रजेचं पत्र देऊन जागा राखून ठेवता येते का, हे निघण्याआधी मुख्याध्यापकांना लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.